वैचारिक निबंध: मत ठरवण्यापासून शेवटच्या वाचनापर्यंत

वैचारिक निबंधात एका वादाच्या प्रश्नावर आपले मत घ्यायचे असते आणि ज्याला ते पटलेले नाही त्याला ते का पटावे हे सांगायचे असते. सगळी मेख त्या न पटलेल्या माणसात आहे. नवखे लिहिणारे त्याला विसरतात आणि ज्यांना आधीच पटलेले आहे त्यांच्यासाठी लिहितात. मग निबंधाचे भाषण होते, टाळ्याही पडतात, पण कुणाचे मत तसूभर हलत नाही.

पुढच्या पायऱ्या दहावी-बारावीचे विद्यार्थी, ग्रंथालयाच्या किंवा मंडळाच्या निबंध स्पर्धेत उतरणारे आणि वर्तमानपत्राच्या वाचकांच्या सदरात प्रथमच लिहू पाहणारे यांच्यासाठी आहेत. नमुन्यादाखल एकच विषय शेवटपर्यंत घेतला आहे: जत्रेतले रात्रभर चालणारे नाटक आणि रात्री १० नंतरची ध्वनिक्षेपकबंदी. गोव्यात गावोगावी यावर दोन तट पडतात, आणि दोन्ही तटांकडे सांगण्यासारखे काही आहे. शिकायला असाच विषय लागतो.

पायरी १: प्रश्न वादाचा आहे का, हे तपासा

‘म्हादई नदीचे पाणी कर्नाटकाने वळवू नये’ या विषयावर गोव्यात दरवर्षी शेकडो निबंध लिहिले जात असतील. पण हे मत गोव्यात कुणाला पटवायचे आहे? वाचक पहिल्याच ओळीला मान डोलावतो आणि पुढे लिहिणाऱ्याला नदीचे गुणगान करण्यापलीकडे काम उरत नाही. त्याच खोऱ्यातला दुसरा प्रश्न घ्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये म्हादई अभयारण्य आणि लगतचे क्षेत्र व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. हा प्रकल्प व्हावा का? इथे सत्तरी तालुक्यातल्या एकाच वाड्यावरची दोन घरे वेगवेगळे बोलतील. निबंध इथे उभा राहतो.

म्हणून कसोटी सोपी ठेवा. तुमचे मत एका वाक्यात लिहा, मग त्याच्या नेमके उलट वाक्य लिहा. ते उलट वाक्य एखादा शहाणा, भला माणूस मनापासून बोलू शकतो का? बोलू शकत असेल तर विषय घ्या. ‘प्रदूषण वाईट आहे’ याचे उलट कुणीच बोलणार नाही, तेव्हा तो विषय सोडा किंवा अरुंद करा.

अरुंद करणे म्हणजे कोणी, कुठे, कधी आणि किती, यांची उत्तरे प्रश्नातच घालणे. ‘ध्वनिप्रदूषण: एक समस्या’ हा ६०० शब्दांत न मावणारा डोंगर आहे. ‘जत्रेच्या नाटकाला रात्री १० ची मर्यादा शिथिल करावी का?’ हा मावतो. स्पर्धेत विषय मोघम दिलेला असला तरी पहिल्या परिच्छेदात तुम्ही तो असा अरुंद करून घेऊ शकता. परीक्षक याला विषयांतर म्हणत नाहीत, फक्त दिलेला शब्द निबंधात दिसत राहिला पाहिजे.

पायरी २: शब्द पक्के करा

काही वाद एका शब्दावर उभे असतात. माडाचेच पाहा. २०१६ साली गोव्याच्या १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या ‘वृक्ष’ या व्याख्येतून माड वगळला गेला आणि तो तोडायला परवानगीची गरज उरली नाही. २०१७ मध्ये तो पुन्हा वृक्ष ठरला. वनस्पतिशास्त्रात माड काय आहे यावर चार परिच्छेद लिहिणाऱ्याचे श्रम तेव्हा फुकट गेले असते, कारण प्रश्न तोडणीच्या परवानगीचा होता.

आपल्या नमुन्यात पक्के करायचे शब्द दोन. ‘नाटक’ म्हणजे देवळाच्या वार्षिक जत्रेतले दशावतारी किंवा उत्सवी नाटक. किनाऱ्यावरचे संगीत महोत्सव आणि लग्नाचे डीजे यात नाहीत. ‘रात्र’ म्हणजे नियमातली रात्र, १० ते सकाळी ६. एवढे एका वाक्यात सांगून टाकले की निम्मे आक्षेप आपोआप गळतात.

पायरी ३: आधी माहिती, मग मत

बहुतेक जण मत आधी ठरवतात आणि मग त्याला टेकू शोधतात. उलट करा. कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे मर्यादा शिथिल करण्याच्या बाजूचे, उजवीकडे विरुद्ध बाजूचे. दोन्हीकडे किमान पाच-पाच नोंदी होईपर्यंत कोणती बाजू घ्यायची हे ठरवू नका. एक बाजू दोन नोंदींतच आटली, तर समजा की त्या बाजूच्या माणसाशी तुम्ही बोललाच नाहीत.

नियम मुळातून वाचा. ध्वनिप्रदूषणाचे नियम केंद्राचे आहेत, २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. १० डेसिबलचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण या मोजमापात १० वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकार १० ते १२ अशी दोन तासांची सवलत देऊ शकते, तीही वर्षात एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही सवलत वैध ठरवली. आणि २०१० च्या दुरुस्तीपासून बंदीत वाद्येही आली, त्यामुळे ‘कर्णे काढले आणि नुसता मृदंग वाजवला तर चालेल’ हा सर्रास दिला जाणारा तोडगा कायद्यात बसत नाही. ज्याने नियम वाचलेला नाही तो हमखास इथेच पडतो.

दुसरी माहिती माणसांकडून घ्या. तिघे पुरेत, पण तिघे वेगळ्या जागी बसलेले हवेत: नाटकात काम करणारा किंवा मांडवाची व्यवस्था बघणारा एक, देवळाला लागून घर असलेले आणि घरात आजारी किंवा तान्हे मूल असलेले एक, आणि नाटक बघायला हमखास जाणारी एखादी आजी. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: ‘तुम्हांला नेमकी कशाची अडचण होते?’ मत विचारू नका. मत विचारले की लोक पेपरात वाचलेले बोलतात. अडचण विचारली की पालखी किती वाजता परत येते, कर्णा कुठल्या दिशेला बांधतात, बस किती वाजता सुटते, हे बाहेर येते. निबंधाला जीव त्यानेच येतो.

मोबाइलवरच्या ॲपने डेसिबल मोजून तो आकडा ठोकून देऊ नका. फोनचा माइक त्या कामासाठी तपासून घेतलेला नसतो. ‘देवळापासून दोन शेते सोडून असलेल्या घरात संवाद शब्दन् शब्द ऐकू येतात’ हे निरीक्षण जास्त विश्वासाचे.

जुन्या बातम्या आणि संदर्भ पाहायचे तर पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. वर्तमानपत्रांच्या फायली मागताना साल आणि महिना सांगितला की काम लवकर होते.

आकडा आणि विशेषण यांत गल्लत करू नका. गोव्याच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, फरक ३४,०२१. ही माहिती झाली. त्याला ‘निर्विवाद कौल’ म्हणा की ‘काठावरचा’, ते तुमचे मत. निबंधात दोन्हींना जागा आहे, पण आकडा आधी आणि विशेषण नंतर. नुसते विशेषण दिले की वाचकाच्या मनात शंका येते, आणि ती रास्त असते.

पायरी ४: मताचे वाक्य

आता बाजू घ्या आणि ती एका वाक्यात बसवा. हे वाक्य तीनदा तरी बदलते, बदललेच पाहिजे. नमुन्यातले तीन खर्डे पाहा.

पहिला: ‘जत्रेतली नाटके ही आपली संस्कृती असल्याने त्यांच्यावर बंधने नकोत.’ यात बंधन कोणते, सुटका किती, काहीच नाही.

दुसरा: ‘राज्य सरकारने जत्रेच्या नाटकांना पहाटेपर्यंत परवानगी द्यावी.’ हे नेमके आहे, पण नियम वाचलेला माणूस लगेच म्हणेल, हा अधिकार राज्याकडे नाहीच. राज्याची पोच १२ पर्यंत.

तिसरा: ‘रात्री १२ पर्यंतच्या सवलतीचे १५ दिवस सबंध राज्याला एकसारखे न ठेवता त्या त्या भागातल्या जत्रांच्या तिथी पाहून ठरवावेत, आणि गावांनी नाटक संध्याकाळी ७ ला सुरू करावे.’

तिसऱ्या वाक्यात मागणी कुणाकडे आहे हे कळते (सरकार आणि गाव, दोघांकडे), ती शक्य आहे, आणि तिला विरोधही होऊ शकतो. माहितीने मत असे घडवले तर निबंधाचे निम्मे काम तिथेच होते. ज्यांचे पहिल्या खर्ड्यातले वाक्य शेवटपर्यंत जसेच्या तसे राहते, त्यांनी तिसरी पायरी पुन्हा करावी असे आम्ही आग्रहाने सांगू.

पायरी ५: आखणी

६०० शब्दांच्या निबंधाला सहा परिच्छेद पुरतात. सुरुवात आणि मताचे वाक्य ८० शब्द, पार्श्वभूमी, म्हणजे नियम आणि आजची स्थिती, ९०, पहिले कारण १२०, दुसरे कारण ११०, विरुद्ध बाजू आणि तिला उत्तर १३०, शेवट ७०. विरुद्ध बाजूला सर्वांत जास्त जागा दिली आहे ती मुद्दाम.

कारणे दोनच का? पाच कारणे दिली तर प्रत्येकाला दोन ओळी येतात आणि एकही सिद्ध होत नाही. वाचक त्यांतले सर्वांत कच्चे धरतो आणि त्यावरून बाकीची मोडीत काढतो. जे कारण तुमच्याकडच्या माहितीने पक्के होते ते शेवटी, म्हणजे विरुद्ध बाजूच्या लगेच आधी ठेवा.

आखणी कागदावर सहा ओळींत लिहा, प्रत्येक परिच्छेदासाठी एक पूर्ण वाक्य. ‘संस्कृती’, ‘कायदा’ असे सुटे शब्द टिपलेत तर लिहिताना भरकटायला होते. या सहा ओळी सलग वाचल्या तर त्यातून युक्तिवाद ऐकू यायला हवा.

पायरी ६: परिच्छेद

नवख्याच्या वहीत हमखास सापडेल असा परिच्छेद:

‘नाटक ही गोव्याची शान आहे. आपल्या पूर्वजांनी ही परंपरा प्राणपणाने जपली. आज मात्र कायद्याच्या नावाखाली संस्कृतीवर घाला घातला जात आहे. हे आपण कुठवर सहन करायचे?’

चार वाक्ये, आणि चारही एकमेकांना न धरता सुटी उभी. त्यांचा क्रम उलटा केला तरी काही बिघडत नाही, आणि हीच कच्च्या परिच्छेदाची खूण. माहिती शून्य. शेवटचा प्रश्न तर विरोधकाला उत्तर द्यायची आयती संधी देतो: ‘सहन तर आम्ही करतो, रात्रभर जागून.’

आता तोच मुद्दा असा:

‘जत्रेची तारीख पंचांगावर ठरते. एका गावची जत्रा कार्तिकात, तर शेजारच्या गावची माघात. सबंध राज्याला एकच १५ दिवस लावले, तर ज्या गावची तिथी त्यांत बसली नाही तिथल्या नाटकाचा पडदा १० वाजताच पाडावा लागतो, आणि जिथे त्या दिवशी जत्राच नाही तिथे सवलत वाया जाते. भागाभागाने दिवस ठरवले तर एकूण दिवस तेवढेच राहतात. कोणत्याही घराला वर्षात १५ पेक्षा जास्त रात्री आवाज सोसावा लागत नाही.’

पहिले वाक्य दावा सांगते, दुसरे दाखला देते, तिसरे परिणाम दाखवते आणि शेवटची दोन शेजाऱ्याच्या झोपेची काळजी घेतात. एकही वाक्य हलवता येत नाही. आवाज चढवलेला नाही, तरी यातल्या मागणीला नाही म्हणणे पहिल्यापेक्षा कितीतरी कठीण आहे.

पायरी ७: विरुद्ध बाजू

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. विरोधकाचे सर्वांत दुबळे म्हणणे निवडून ते उडवणे सोपे असते आणि वाचकाला ते लगेच कळते. ‘काही लोकांना नाटक आवडतच नाही’ हे कुणाचेच म्हणणे नाही. खरा आक्षेप शोधा, आणि तो मांडताना असा मांडा की विरोधक वाचून म्हणेल, ‘मला हेच म्हणायचे होते.’

आपल्या मताला खरा आक्षेप कलावंतांकडून येतो. दशावतारी काल्याचा घाटच रात्रभराचा: आधी आडदशावतार, त्यात गणपती, सरस्वती आणि संकासुर, मग आख्यान, आणि उजाडताना दहीकाला. १२ वाजता थांबवले तर आख्यानाचा जीव जातो. शिवाय पालखी देवळात परतल्याशिवाय नाटक सुरू होत नाही, मग ७ ची वेळ पाळायची कशी?

हे मान्य करायला लाजू नका. ‘हा आक्षेप खरा आहे’ असे वाक्य सरळ लिहा. त्यानंतर ‘तरीही’ लावून आपले उत्तर: ७ ते १२ हे पाच तास होतात, त्यात आडदशावतार आटोपशीर करून आख्यान पूर्ण बसवता येते, पालखीची वेळ गावकऱ्यांच्या हातात आहे, आणि नियमातली रात्र सकाळी ६ ला संपते, त्यामुळे उजाडल्यावर वाद्यांसह दहीकाला करायला अडचण नाही. यातून रात्रभराचा अनुभव काही अंशी गमावला जातो, हेही लिहा. जे गमावले जाते ते कबूल करणाऱ्यावर वाचक उरलेल्या बाबतीत विश्वास ठेवतो.

या परिच्छेदातल्या दोन चुका कायम टाळा. एक, घसरगुंडी: ‘आज नाटक थांबवले, उद्या पालखी थांबवतील.’ मधल्या पायऱ्या दाखवता येत नसतील तर हे वाक्य काढून टाका. दुसरी, दुसऱ्याकडे बोट: ‘किनाऱ्यावरच्या पार्ट्या चालतात, मग आमचे नाटक का नको?’ यातून फार तर पार्ट्या बंद कराव्यात असे निघते, नाटक चालू ठेवावे असे नाही. शेजाऱ्याच्या झोपेच्या प्रश्नाला यात उत्तरच नाही.

पायरी ८: सुरुवात आणि शेवट

सुरुवात शेवटी लिहा. काय सिद्ध केले हे कळल्याशिवाय दार कुठे ठेवायचे ते कळत नाही. ‘परशुरामाने बाण मारला आणि समुद्र मागे हटला’, ‘निसर्गाने मुक्तहस्ते उधळण केलेला गोवा’, ‘मानव हा समाजशील प्राणी आहे’ या तिन्ही सुरुवाती परीक्षकाने शंभरदा वाचलेल्या असतात. त्याऐवजी वादाचा नेमका क्षण घ्या: घड्याळात १० वाजायला दहा मिनिटे, रंगमंचावर संकासुराचा प्रवेश चाललेला, आणि कार्यकर्ता विंगेतून खूण करतो आहे. दोन वाक्ये पुरेत. तिसऱ्यात प्रश्न, चौथ्यात तुमचे मत.

शेवटात आधीचे मुद्दे पुन्हा मोजू नका. मत मान्य झाले तर पहिले पाऊल कोणी आणि केव्हा उचलायचे ते लिहा: पंचायतीने पुढच्या वर्षीच्या तिथी दसऱ्याआधी कळवाव्यात, म्हणजे दिवस वेळेत जाहीर करता येतील.

पायरी ९: भाषा आणि शेवटचे वाचन

खाजन, मानस, कुळागर, मांड, वाडा हे शब्द बिनधास्त वापरा, गोव्याच्या वाचकाला ते घरचे आहेत. सांभाळायची ती वाक्यरचना. बोलताना कोकणी जिभेवर असते, त्यामुळे घाईत ‘त्याला ते कळले ना’ असे उतरते. लिहिताना ‘कळले नाही’ हवे. शुद्धलेखनात सर्वांत जास्त चुका सामान्यरूपात होतात: गरीब पण गरिबाला, पूल पण पुलावर. ‘माहीत’ दीर्घ, ‘माहिती’ ऱ्हस्व.

‘सर्वांना माहीतच आहे की’, ‘निःसंशय’, ‘खरे तर’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा. बहुतेक वेळा त्यांच्या मागे पुरावा नसतो. असेल तर पुरावा लिहा आणि शब्द खोडा. दोन वाक्यांमध्ये ‘म्हणून’ लिहिले असेल तर पहिल्यातून दुसरे खरेच निघते का ते पाहा. नसेल निघत तर तिथे ‘शिवाय’ हवे असते, किंवा मधले एक वाक्य राहून गेलेले असते.

एका तासाच्या स्पर्धेत प्रश्न आणि दोन बाजूंची नोंद यांना ८ मिनिटे, मत आणि आखणीला ७, लेखनाला ३५, वाचनाला १०. पहिल्या १५ मिनिटांत शेजारचा पान भरून मोकळा झालेला दिसेल. घाबरू नका, तो साधारण तिसऱ्या परिच्छेदाला अडतो.

घरी लिहीत असाल तर निबंध एक रात्र बाजूला ठेवा, सकाळी मोठ्याने वाचा आणि मग विरुद्ध मताच्या एका माणसाला द्या. त्याला ‘आवडला का’ असे विचारू नका. ‘कुठल्या वाक्याला तू थांबलास?’ एवढेच विचारा, आणि ते वाक्य दुरुस्त करा.